खिशात राहिलेलं

काउनासमध्ये नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवस मिटतो.
नेमुनास नदीवरून धुकं चढतं,
ट्रॉलीबसच्या तारांना लोंबकळतं,
आणि वैवा तिसऱ्या मजल्यावर
काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली असते
जाड काळ्या रबरी मोज्यांत,
जणू दुसऱ्याच कुणाचे हात उसने आणलेत
आणि परत करायची तारीख उलटून गेलीय.

पेटीत हवा नाही, नायट्रोजन आहे.
हे स्फटिक हवेला बिचकतात. पाण्याचं तर नाव काढू नका.
सीझियम, शिसं, ब्रोमीन,
तिघांचा संसार इतका हळवा
की जवळ कुणी उसासा टाकला तरी मोडावा.
मोडताना आवाज होत नाही.
हिरवा उजेड आधी पिवळट, मग पांढुरका,
मग नुसती भुकटी, फळ्याखाली साठते तशी.

नमुना एकतीस : सकाळपर्यंत मेला.
नमुना बत्तीस : वाकवताना तडकला, मेला.
नमुना तेहतीसवर कॉफीचा डाग आहे.
प्राध्यापक गिंतौतास म्हणतात,
मेला नाही, ऱ्हास झाला असं लिहावं.
ती मान डोलावते
आणि वहीत मेलाच लिहिते.

जेल म्हणजे काय गं, मिल्दा विचारते.
ती बेकरीत पहाटपाळी करते, भाडं दोघींत निम्मं.
तुझ्या केकवर असते ना जेली, तसं.
थरथरतं पण सांडत नाही.
आत लांबच लांब रेणूंचं जाळं,
जाळ्याच्या एकेका घरात एकेक स्फटिक.
ताणलं तर जाळ्यानं ताणून घ्यावं,
स्फटिकाला पत्ताही लागू नये.

म्हणजे अंबर, मिल्दा म्हणते,
पालांगाच्या किनाऱ्यावर मिळतं तसं, आत डास असलेलं.
हो, वैवा म्हणते.
फक्त डास जिवंत हवा.

त्रेचाळिसावा नमुना कुठे गेला
हे आठवडाभर कुणालाच सांगता आलं नाही.
बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी.
बशा उपसल्या, कचऱ्याचे डबे पाहिले,
एका नव्या पोराला विनाकारण बोलणी बसली.

रविवारी यंत्राचं झाकण उघडून मिल्दा ओरडली,
तुझ्या एप्रनच्या खिशात च्युइंगम होतं का?
सगळ्याला काहीतरी लागलंय.

वैवानं हात लावला नाही.
चपला न घालता धावत गेली, जांभळी बॅटरी घेऊन आली,
न्हाणीघराचा दिवा मालवला.

पावडरीच्या चमकीनं मिल्दाचे सगळे पांढरे मोजे
निळे पेटले, उशीचे अभ्रे निळे,
एक जुना टॉवेल निळा,
आणि त्या सगळ्या निळ्या गोतावळ्यात
पिळवटलेली, दुमडलेली, एका टोकाला फाटलेली
एक पट्टी
हिरवी.

तशीच हिरवी. पहिल्या दिवसासारखी.

चाळीस मिनिटं पाण्यात, साबणात, गरगर फिरून.
वैवा फरशीवर बसली.
मग हसायला लागली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली.
मिल्दा, ह्यात शिसं आहे.

शिसं? माझ्या मोज्यांबरोबर?

पुढचे दोन तास मोज्यांचे गेले.
पाचही जोड डबल पिशवीत, वर चिठ्ठी,
यंत्रातलं पाणी बाटलीत, बाटली तपासायला,
मिल्दा दारात उभी, हात छातीशी बांधून,
थंडीत पाय एकावर एक ठेवत.

रात्री गिंतौतासांचा फोन.
किती अंशांवर धुतलं? पावडर कोणती?
फेऱ्या किती झाल्या?
मला काय माहीत, वैवा म्हणाली, माझी धुण्याची पाळी नव्हती.
बरं, ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग : पुन्हा करून दाखव.

पुन्हा होईलच असं नाही.
चव्वेचाळीस तडकला. पंचेचाळीसमध्ये बुडबुडा.
जेल थोडं घट्ट झालं की रुसतं,
थोडं सैल झालं की पाणी आत बोलावतं.
पण चिमट्यात धरून ती पट्टी
काचेच्या नळीभोवती गुंडाळली तेव्हा
उजेडही वळला, कुठेही न तुटता,
आणि वैवाच्या हनुवटीखाली हिरवा ठिपका पडला.

वहीत त्रेचाळीसपुढची जागा रिकामीच होती.
तिनं लिहिलं : साठ अंश बहुतेक. निळ्या डब्यातली पावडर.
मोज्यांचे पाच जोड देणं.
निष्कर्षाच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा गोळा झाला.
मग एकच शब्द.
आहे.